विझत्या लाटेचे मास्तर

गुरुलिंगप्पा मास्तर मला पहिल्यांदा दिसले ते एका म्हशीकडं टक लावून बघताना. शाळेमागच्या हौदावर ती पाणी पीत होती. काळी शेरवानी, कपाळावर विभूतीचे पट्टे, काखेत हजेरीचं रजिस्टर अशा थाटातला एक लुकडा गृहस्थ मान वाकडी करून तिच्या पाठीची कड न्याहाळत होता. मी त्याच दिवशी ड्रॉइंग मास्तर म्हणून शाळेत रुजू झालो होतो. मला वाटलं, गृहस्थांना म्हैस विकत घ्यायची असेल.

"खांद्यापासून बघत या," ते माझ्याकडं न बघताच म्हणाले. "एकदा वर गेली. खाली आली. पुन्यांदा वर गेली, पण पयल्याइतकी न्हाय. शेपटीपाशी विझली. दिसतंय का?"

मी म्हणालो, "दिसतंय. चित्र काढता येईल."

"चित्र काढता येत असंल तर तुम्ही माझ्या कामाचे." मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "हात कापतो का?"

नाही म्हणालो. एवढ्यावर आमची ओळख झाली. एकमेकांची नावं आम्हाला दुपारी कळली.

हे दुसऱ्या महायुद्धाच्या, लढाईच्या वर्षांतलं. राज्य निजामाचं, शाळा सरकारी, उमरग्याच्या बाजूच्या एका कसब्यात. शिकवणं सगळं उर्दूतून, सुट्टी शुक्रवारी. गुरुलिंगप्पा मास्तर हिशेब आणि हिंदसा शिकवायचे, हिंदसा म्हणजे भूमिती. मूळचे सास्तूरचे, घर लिंगायत, तिथं त्यांच्या थोरल्या भावाचं किराण्याचं दुकान आणि थोडी शेती. आईशी कानडी, गावाशी मराठी, वर्गाशी उर्दू अशा तीन भाषा ते दिवसभर वापरत, आणि कुठलीही दुसरीच्या अंगावर सांडू देत नसत. आकडे मात्र कानडीतच. फळ्यावर उर्दूत उदाहरण चाललंय, मागच्या बाकावरच्या पोराला मराठीत शिव्या चालल्यात, आणि ओठांतल्या ओठांत ओंदु, एरडु, मूरु. मी एकदा विचारलं की तीन भाषांत ही ओढाताण कशाला. ते म्हणाले, "मोजताना आई शेजारी पायजे."

हैद्राबादच्या कॉलेजात त्यांनी दोन वर्षं गणित केलं होतं. वडील वारले आणि शिक्षण तिथंच थांबलं. पण त्या दोन वर्षांत कॉलेजच्या लायब्ररीत त्यांनी एक जाडजूड जर्मन पुस्तक पाहिलं, आणि ते त्यांच्या डोक्यातून काही केल्या निघेना. भाषा समजत नव्हती. पण त्यात आकड्यांचे तक्ते होते आणि तक्त्यांशेजारी चित्रं होती. एका चित्रात तंबूच तंबू, त्यांचे खांब आभाळात गेलेले. दुसऱ्यात घाट आणि दऱ्या. आणि खाली एवढंसं समीकरण. पुस्तक घरी न्यायची परवानगी नव्हती. मास्तर रोज कॉलेज सुटल्यावर उभ्या-उभ्या ती चित्रं बघायचे.

"साइन, कोसाइन, लॉग ही घरची माणसं," ते मला समजवायचे. "रोज ताटाला असतात. पण काही फंक्शनं खास असतात. एखाद्याच अडचणीला येतात, पण ती आली न्हाईत तर अडचण काय सुटत न्हाय." मला यातलं फार कळत नव्हतं. पण ज्याचं चित्र निघतं त्याच्याविषयी माझं मत वाईट नसतं.

त्यांचं सगळ्यात लाडकं फंक्शन म्हणजे गोल ढोलाच्या कातड्याचं. त्याला कुणा परदेशी पंडिताचं नाव होतं, पण मास्तर त्याला 'विझती लाट' म्हणत. मधोमध एकापासून निघते, घसरत शून्याच्या खाली जाते, परत वर येते पण आधीइतकी नाही, परत खाली, परत वर, दर फेरीला थोडी थोडी कमी होत. "कधीच पुरती विझत न्हाय," ते म्हणायचे, आणि हे सांगताना त्यांचा चेहरा घरात बाळ झाल्यासारखा व्हायचा.

मुलांना त्यांनी कागदावरच्या आकृतीची गोडी लावली ती मोटेवर. सातवीचा वर्ग त्यांनी एका मळ्यातल्या विहिरीवर नेला. एका पोरानं नाडीच्या ठोक्यानं वेळ मोजायची, दुसऱ्यानं मोट किती हात वर आली ते ओरडून सांगायचं, बाकीच्यांनी पाटीवर ठिपके द्यायचे. दहा-बारा फेऱ्यांत सगळ्यांच्या पाट्यांवर उंटाच्या कुबडांसारखी रांग उभी राहिली. मोट हाकणारा भला माणूस, त्याला वाटलं पोरांना त्रास होतोय. म्हणाला, "मास्तर, बैल थांबवू का जरा?"

"नगा थांबवू. बैल थांबला तर रेघ आडवी होतीय."

तो बिचारा दिवसभर बैल न थांबवता राबला. संध्याकाळी मास्तरांनी त्याला पाटी दाखवली आणि सांगितलं की हे तुमचं आजचं काम. त्यानं पाटी हातात घेऊन बराच वेळ बघितली. एका कुबडावर बोट ठेवून म्हणाला, "हितं पांढऱ्या बैलाचा पाय घसरला हुता." खरोखरच तिथं चढ जरासा मोडला होता. मास्तर त्यानंतर महिनाभर ज्याला त्याला हेच सांगत होते. आकडा गप्प बसतो, ठिपका बोलतो, हा त्यांचा धर्म होता म्हणायला हरकत नाही.

हलगीचा प्रकार मात्र फसला. विझती लाट खऱ्या कातड्यावर दिसते का हे बघायला ते लखूबाबांच्या घरी गेले. लखूबाबा गावची हलगी वाजवायचे, घर गावकुसाबाहेर. मास्तर त्यांच्या अंगणात मांडी घालून बसले, चार मुठी बारीक वाळू हलगीवर पसरली आणि म्हणाले, वाजवा. त्यांची कल्पना अशी की वाळूची कडी उमटतील. लखूबाबांनी टिपरी हाणली आणि सगळी वाळू मास्तरांच्या शेरवानीवर. दुसऱ्यांदा वाळू, दुसऱ्यांदा शेरवानी. तिसऱ्यांदा माझ्या डोळ्यांत. लखूबाबा हसून बेजार झाले. शेवटी म्हणाले, "मास्तर, काठाला कातडं जाम बांधलंय. तितं त्येला हालता येत न्हाय. म्हनून त्ये मधी नाचतंय. एवढंच हाय बघा."

मास्तरांनी खिशातून पेन्सिल काढून ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. परत येताना म्हणाले, "आमच्या प्रोफेसरसाहेबांना हेच सांगायला सहा तास लागले होते." ते त्या अंगणात बसले यावरून गावात चार दिवस कुजबूज झाली. मास्तरांना शेरवानीतली वाळू निघत नाही याचीच काळजी होती.

आता मुख्य गोष्ट. त्या वर्षी त्यांच्या त्याच प्रोफेसरसाहेबांचं पत्र आलं. कॉलेजात अशा खास फंक्शनांचे तक्ते आणि आकृत्या उर्दूत तयार करायचं चाललं होतं. बाहेरचं पुस्तक लढाईमुळं मागवता येत नव्हतं. एक मदतनीस हवा होता. मास्तरांनी नमुन्यादाखल एक तक्ता आणि त्याची आकृती करून पाठवावी, पसंत पडलं तर हैद्राबादला बोलावून घेऊ, असं साहेबांनी लिहिलं होतं. तारीखही दिली होती.

मास्तरांनी पत्र मला तीनदा वाचून दाखवलं. बारा वर्षं ते त्रैराशिक शिकवत होते.

आकडेमोड त्यांनी सगळी पाटीवर केली, कारण कागद मिळत नव्हता. शून्यापासून पंधरापर्यंत, दर दोन दशांशाला एक किंमत. एकेका किमतीला तास तास. आली की ती वहीत उतरवायची आणि पाटी पुसायची. आलेखाचा कागद तर लढाईत बघायलाही मिळत नव्हता, म्हणून मी मोठ्या ड्रॉइंग शीटवर एकेक इंचाच्या आणि त्यात दहाव्या भागाच्या रेघा मारून तो तयार केला. त्यातच माझे तीन शुक्रवार गेले. नंतर त्यांनी वही माझ्या हातात ठेवली आणि एकच नियम सांगितला.

"चित्रकार, माझी तपासणी आता तुमच्या हातात. कुठं आकडा चुकला असंल तर ठिपका ओळीच्या भायेर पडंल. तसा दिसला की पेन्सिल खाली ठेवायची, आन् मला बोलवायचं. पुढं जायचं न्हाय."

मी हो म्हणालो. हा नियम सोपा होता, आणि मी तो मोडला.

त्याचं असं झालं. शेवटच्या शुक्रवारी मास्तर आईला बघायला सास्तूरला गेले होते. शनिवारी सकाळी टपाल निघायचं होतं. मी दिवसभर ठिपके दिले. काय सुंदर ओळ पडत होती म्हणून सांगू. पहिला उतार, शून्याखालची खोल वाटी, मग पुन्हा चढण. त्या चढणीवर सहा पूर्णांक चारपाशी एक ठिपका खाली पडला. फार नाही. सुताराच्या भाषेत पाऊण सूत, म्हणजे इंचाच्या दहाव्या भागाहून कमी. दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता, पण रेघ हाच माझा धंदा, मला तो डोळ्यांत कुसळ गेल्यासारखा टोचला. वही पुन्हा पाहिली. आकडा तोच होता, माझा हात चुकला नव्हता.

मी पेन्सिल खाली ठेवली नाही. मनाशी म्हणालो, मास्तर उद्या येणार, ही एक किंमत पुन्हा काढत बसणार, टपाल चुकणार, सगळाच घोटाळा. आपण त्यांचं भलंच करतोय. खरं सांगायचं तर मला माझी रेघ मोडायची नव्हती. मी तो ठिपका खोडरबरानं पुसला, वक्रपट्टी लावली आणि शाईची रेघ त्याच्या वरून, जिथून जायला हवी होती तिथून, घसरत नेली.

शनिवारी सकाळी मास्तर बैलगाडीतून उतरले ते थेट माझ्या वर्गात. कागद त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितला. मग विचारलं, "एकबी ठिपका भायेर न्हाय पडला?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी माझा हात हातात घेऊन दाबला. टपालाचा माणूस बाहेर खोळंबला होता.

उत्तर आलं ते दोन महिन्यांनी, शाळेच्या पत्त्यावर, सदर मुदर्रिसांच्या नावानं. सदर मुदर्रिस म्हणजे आमचे हेडमास्तर. मोठा दिलदार माणूस. आपल्या मास्तराचं कौतुकच असणार या खात्रीनं त्यांनी मधल्या सुट्टीत सगळ्या शिक्षकांना बोलावलं आणि पत्र उभं राहून वाचायला सुरुवात केली. "मुनहनी निहायत नफीस है," म्हणजे वक्ररेषा अतिशय सुंदर आहे. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मीही लाजेचं नाटक केलं. पुढच्या ओळीला हेडमास्तरांचा आवाज उतरला. "मगर जदवल और मुनहनी एक-दूसरे के गवाह नहीं."

तक्ता आणि रेषा एकमेकांची साक्ष देत नाहीत. पुढं लिहिलं होतं की एका जागी तक्त्यातला आकडा चुकलेला आहे, पण रेषा तिथं बिनचूक आहे. तेव्हा ही रेषा या आकड्यांवरून काढलेली नाही हे उघड आहे. ती कुठल्या छापील आकृतीवरून उतरवली असावी. अशा माणसाला बोलावणं शक्य नाही, याचं दुःख आहे. सोबत कागद परत केला होता.

हेडमास्तरांनी पत्राची घडी केली आणि मास्तरांच्या हातात दिली. मास्तर म्हणाले, "साहेब, तासाची घंटा झाली," आणि वर्गावर निघून गेले. मीही गेलो. त्या तासाला मी मुलांना कलश काढायला लावला आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसलो. त्याच वेळी उठून सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. भ्यालो, दुसरं काही कारण नाही.

पुढचे तीन आठवडे मास्तर शाळा सुटली की पाटी घेऊन बसत. सगळ्या किमती त्यांनी पहिल्यापासून पुन्हा काढल्या. मी येता-जाता बघायचो आणि रोज ठरवायचो की आज सांगू. चौथ्या आठवड्यात तेच माझ्या वर्गात आले, परत आलेला कागद आणि फूटपट्टी घेऊन. मुलं गेली होती.

"सहा पूर्णांक चार," ते म्हणाले. "पाटीवर पुन्यांदा काढलं तर चोवीस तेहतीस आलं, वहीत उतरवताना म्या तेवीस त्रेचाळीस लिवलं. चूक माझी. पर तुमच्याकडं तर वहीच हुती. ठिपका खाली पडायला पायजे हुता."

"पडला होता."

"मग?"

"मी पुसला."

त्यांनी पट्टी कागदावर ठेवली. "का?"

"रेघ चांगली चालली होती."

ते पोरांच्या बाकावर बसले. गुडघे हनुवटीला लागत होते. मी म्हणालो, "मी साहेबांना पत्र लिहितो. सगळं कबूल करतो."

"तुमचं पत्र म्हंजे अजून एक कागद. कागदावर कागद ठिवून काय हुतंय? ते म्हनतील, दोस्तानं लिवलं." मग सावकाश म्हणाले, "तुमची रेघ बरोबर हाय, चित्रकार. लाट तितनंच जाती. तुमच्या डोळ्याला जे कळलं ते मला कळलं न्हाय. पर सांगायचं हुतं. मला ती चूक दिसली असती. आता हैद्राबादेत मी नकला करणारा ठरलो."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नमस्कार-चमत्कार सोडला नाही, घरी आलेला हुरडा माझ्याकडं पाठवायचा विसर पडू दिला नाही, पण काम देणं बंद केलं. रेघा मारायला कागद नाही, ठिपके द्यायला वही नाही. मी आपला कलश आणि केळीची पानं काढायला लावत बसलो. मला फार लागलं ते. आजही लागतं.

त्या वर्षीची सुगी झाली आणि मास्तर सास्तूरहून एक भारा घेऊन आले. ज्वारीच्या कणसाखालची बारीक सरळ काडी असते ना, ज्याच्या पोरं गाड्या करतात, तिचा भारा. वाळलेल्या, एकसारख्या जाडीच्या, निवडलेल्या काड्या. मग ते किसन सुताराकडं गेले आणि वीस-बावीस इंचांच्या चौरस फळीवर इंचा-इंचाच्या अंतरानं भोकं पाडायला सांगितली. एकवीस ओळी, ओळीत एकवीस.

किसन गिरमिट फिरवून फिरवून वैतागला. म्हणाला, "मास्तर, ही चाळन कुनाच्या घरची? दाणा केवढा म्हनायचा?"

"दाणा न्हाय. डोंगर चाळायचाय."

म्हणजे असं, की ज्या लाटेची मी कागदावर रेघ काढली ती खरं तर ढोलाच्या मध्यापासून चारी दिशांना पसरते. बारवेत खडा टाकल्यावर पसरते तशी. कागदावर तिचा एकच काप दिसतो. मास्तरांना ती सबंध उभी करायची होती. प्रत्येक भोक मध्यापासून किती लांब ते काढायचं, तेवढ्या अंतरावर लाट किती उंच ते काढायचं, आणि तेवढी काडी कापून रोवायची. शून्याची पातळी त्यांनी फळीपासून सहा इंचांवर धरली, म्हणजे खोल भागालाही काडी उरते. मधली काडी सोळा इंच. तिच्याभोवतीच्या भराभर उतरत दोन इंचांवर आलेल्या, तिथून पुन्हा चढत नऊवर, पुन्हा उतरती. चारशे एक्केचाळीस काड्या. पण सगळ्यांचा हिशेब वेगळा करायला लागत नाही, फळीचा आठवा भाग काढला की बाकीचे त्याचीच भावंडं. सहासष्ट उंच्या पुरतात. हे मला त्यांनी सांगितलं नाही. किसन सुताराला सांगताना मी शेजारी उभा होतो.

शाळेत सगळे येऊन बघून जायचे. हेडमास्तर रोज एकदा येत आणि "माशाअल्लाह" म्हणून जात. कुणी म्हणालं देऊळ आहे, कुणी म्हणालं कारंजं. मी लांबूनच बघायचो. एकदा मास्तर किसनला म्हणालेले ऐकू आलं, "कागदाचे लाड करता येतात, किसन. काडीवर पट्टी ठिवली की संपलं. कुनीबी मोजावं." ते माझ्याकडं पाठ करून बसले होते. मी आलोय हे त्यांना माहीत होतं का, ते सांगता येत नाही.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे मला शेवट हवा तिथं करता येईल. मास्तर ती फळी घेऊन हैद्राबादला गेले. प्रोफेसरसाहेबांनी तासभर फूटपट्टी लावून काड्या मोजल्या, हव्या त्या निवडून. मग नोकराला सांगून मास्तरांसाठी चहा मागवला. मास्तरांचं कार्ड आलं त्यात एवढंच होतं: "चहा मिळाला. राहतो." मदतनीस म्हणून ते तिथंच राहिले. फळी कॉलेजच्या खोलीत काचेच्या कपाटात ठेवली होती म्हणे. वर्ष-दोन वर्षं कार्डं येत राहिली. नंतर दंगलीचे दिवस आले, टपाल बंद पडलं, पोलिस ॲक्शन झाली, राज्य गेलं, शाळेतली उर्दू गेली, माझी बदली झाली. मी पाठवलेली पत्रं परत आली. मास्तर मला पुन्हा भेटले नाहीत.

मला ते शेवटचे दिसले ते मोटारीच्या अड्ड्यावर. हैद्राबादकडं जाणारी मोटार सकाळी रस्त्यावर थांबायची. मी पोचवायला जावं की नाही याचा दोन दिवस विचार करून शेवटी गेलो. मोटार आली होती. फळी वडाखालच्या पारावर ठेवली होती, भोवती दहा-बारा माणसं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, कंडक्टर म्हणत होता की हे झाड टपावर टाका. मास्तरांनी फळीसाठी वेगळं तिकीट काढलं होतं आणि ते हातात धरून त्याला दाखवत होते. मला बघितल्यावर ते त्याला तसंच सोडून माझ्याकडं आले.

"चित्रकार, बघून घ्या एकदा," ते म्हणाले. "तपासणी राहिलीय."

साताठ महिन्यांत त्यांनी मला सांगितलेलं हे पहिलं काम. मी पाराशी उकिडवा बसलो आणि डोळा काड्यांच्या टोकांच्या पातळीला आणला. काय दिसत होतं ते सांगता येत नाही. माझी रेघ तिथं सगळीकडून एकदम निघाली होती. मागं हॉर्न वाजतच होता. एक बाई म्हणाली, "आवो, चला की आता."

मी फळी एका बाजूनं बघितली, दुसऱ्या बाजूनं बघितली. कोपऱ्याकडं जाणाऱ्या ओळीशी जुळ्या काड्या असतात, एक तिच्या अलीकडं आणि एक पलीकडं, दोघींची उंची एकच. वाटीनंतरच्या त्याच चढणीवर अशा एका जोडीतली डावी काडी खाली होती. पाऊण सूत. फळी पुरी झालेली, माणूस निघालेला, मोटार उभी. शिवाय ही काडी कोण मोजणार, चारशे एक्केचाळिसांत?

"मास्तर," मी म्हणालो, "ही काडी खाली आहे."

"कुठली?"

मी बोट ठेवलं. त्यांनी वाकून बघितलं नाही. शेरवानीच्या आतल्या खिशात हात घातला आणि कागदात गुंडाळलेली एक काडी काढून माझ्या हातात दिली. कापून तयार केलेली.

"बसवा," ते म्हणाले.

मी आखूड काडी उपसली आणि ती नवी रोवली. जुळ्या एका उंचीला आल्या. माझी बोटं इतकी थरथरत होती की शेजारच्या काड्याही हलल्या.

"हात कापतोय की, चित्रकार."

"व्हय, मास्तर."

"कापू द्या. दिसलं तर सांगितलं, बास."

मग आम्ही दोघांनी फळी उचलून मोटारीत नेली. ती त्यांच्या बाकावर ठेवली आणि मास्तर स्वतः खाली, तिच्या शेजारी बसले. मोटार सुरू झाली. मी आखूड काडी हातात धरून बाजूनं चार पावलं चाललो. मला वाटलं, ते हात करतील. पण त्यांनी मान वाकडी करून डोळा काड्यांच्या टोकांशी नेला होता आणि ओठ हलत होते. ते कानडीत मोजत होते. मोटार पुढच्या वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हाही त्यांची मान तशीच होती.